बाँबच्या भिंतीआड इस्त्री

अल्बेनियात एका कम्युनिस्ट हुकूमशहाने शत्रू येणार, शत्रू येणार म्हणून देशभर काँक्रीटचे बंकर बांधून ठेवले. शत्रू काही आला नाही. हुकूमशहा गेला, बंकर राहिले, आणि आता लोक त्यांत शेळ्या बांधतात, असं परवा पेपरात वाचलं. लिहिणाऱ्याला त्याचं भारी नवल. मला काही वाटलं नाही. परळला आमच्या चाळीच्या दरवाजासमोर अशीच एक भिंत होती. कुठल्याशा युद्धात सरकारने बांधलेली, बाँब पडला तर तुकडे आत येऊ नयेत म्हणून. बाँब पडला नाही. भिंतीवर गोधड्या वाळल्या, पानाच्या पिचकाऱ्या पडल्या, आणि गिरणीचा संप लागल्यावर तिच्यामागे माझ्या वडिलांनी इस्त्रीचं टेबल मांडलं.

वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे. तो माणूस आता परक्यांच्या पँटींना घड्या घालत होता, आणि हे खात्यातल्या कुणाला दिसू नये, एवढीच त्यांची अट होती. भिंत पुरुषभर उंच. रस्त्यावरून फक्त कोळशाचा धूर दिसायचा. कपडे आणायचं-पोचवायचं काम आईचं. पलीकडून कुणी ओळखीचं हाक मारली की आई सांगायची, "गावाक गेलेत." वडील तोवर श्वास रोखून उभे. एकदा इस्त्री कापडावरच ठेवून उभे राहिले, आणि बँकेतल्या एका साहेबाच्या सदऱ्याला पाठीवर खिडकी पडली.

संप मिटला असं कुणी सांगितलंच नाही. गिरणीही उघडली नाही. टेबल राहिलं. मग एके दिवशी भिंतीवर पालिकेचा कागद चिकटला: रहदारीला अडथळा, पाडणार. वडिलांचं जेवणावरून लक्ष उडालं.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झालेली. चाळीतली पहिली. रेशनकार्डापासून नळाच्या तक्रारीपर्यंत सगळे अर्ज माझ्याकडे यायचे आणि, खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मी दोन पानी अर्ज ठोकला. 'सदर भिंत ही नागरी संरक्षणाची मालमत्ता असून शत्रूचा धोका अद्याप टळलेला नाही.' इस्त्रीचं नावही नाही. गॅलरीत उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवला. समोरच्या खोलीतले लाल बावट्याचे काका म्हणाले, "पोरी, तू लढाई लावशील."

अर्ज पटला. तीच तर पंचाईत. पालिकेचा साहेब आला, भिंतीवर थाप मारून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. संरक्षणाची भिंत, राहू दे. पण मग मागची जागा मोकळी पाहिजे. हल्ला झाला तर माणसं उभी कुठे राहणार? टेबल उचला."

आई माझ्याकडे वळली. "शिकलंस ता बरा केलंस, बाय. जरा कमी शिकलं असतंस तरी चालला असता."

वडिलांनी इस्त्रीतली राख फुंकली आणि साहेबाला विचारलं, "आणि भिंत पाडली तर?"

"मग जागा चाळीची. तुम्ही आणि तुमचा घरमालक. माझा काय संबंध?"

"मग आधीचा कागद खरा करा. पाडा."

दुसऱ्या दिवशी दोन माणसं घण घेऊन आली. चौथ्या घावाला भिंत बसली. आतून निघाली नुसती वाळू. काका म्हणाले, "शत्रू येणार नाही, यावर सरकारचा केवढा विश्वास बघ."

धूळ बसली तर सगळा रस्ता समोर. वडील टेबलामागे, बनियन-लेंग्यात. आणि पलीकडून येत होता त्यांच्याच खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, आमच्याच गावचा. तो थांबला. आईला आता 'गावाक गेलेत' म्हणायची सोय उरली नव्हती. वडिलांनी हातातली कॉलर पुरी केली, मगच मान वर केली.

"बघतोस काय मेल्या? सदरा काढ. किती चुरगळलाय."

तो तिथेच, भर रस्त्यात, बटणं सोडायला लागला. "कॉलर कडक मार," म्हणाला. "खात्यातल्या बाकीच्यांना सांगू?"

"सांग," वडील म्हणाले. "पण धुऊन आणा म्हणावं."