डाउनलोड केलेला ढावलो

आमचा तांडा टेकड्यांच्या ओच्यात आहे. तिथे मोबाइलला नेटवर्क येत नाही. येत नाही म्हणजे कधीमधी नाही असं नव्हे, येतच नाही. नेटवर्क राहतं वरच्या टेकडीवर, एका काळ्या दगडापाशी. त्या दगडावर चढून राळेगावच्या दिशेनं तोंड केलं की फोनवर दोन दांड्या उभ्या राहतात, पाठ फिरवली की त्यातली एक पडते. मी अंगणवाडी सेविका. लेकरांची वजनं-उंच्या फोनात भरून पाठवायच्या, हे माझ्या कामातच आहे. म्हणून दुपारी लेकरं खिचडी खाऊन घरी गेली की मी टेकडी चढते. उन्हाळ्यात चढताना मी कोणाकोणाला काय काय म्हणते, ते इथे लिहीत नाही.

मी रोज जाते म्हटल्यावर अख्ख्या तांड्यानं मला कामाला लावलं. "जाऊनच राह्यली तर माहा फोनबी घेऊन जाय ना वो." एकीला कुकरमधला केक पाहिजे, एकाला कुस्त्या, एका म्हाताऱ्याला फक्त समुद्र. नुसता समुद्र, तीन तास, ना गाणं ना माणूस. हे सगळं मी दगडावर बसून त्यांच्या नाहीतर माझ्या फोनात डाउनलोड करायचं, आणि खाली मग ते घरोघरी निवांत बघायचे. पिशवीत कधी पाच-पाच फोन असायचे. माझं नावच पडलं डाउनलोडवाली. मी कुरकुर करायचे, पण न्यायचेही. नाही म्हणता येत नाही हा माझा जुना रोग आहे. फक्त एकदाच मी ठामपणे नाही म्हटलं, आणि ते माझ्या स्वतःच्या लग्नात.

ते सांगायला हवं. आम्ही बंजारा. घरात गोर बोली बोलतो, आईला याडी म्हणतो. इथे बोलणं वऱ्हाडीत लिहिते, सगळ्यांना कळावं म्हणून. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाण्यातून बोलते. त्याला ढावलो म्हणतात. याडी, बाप, भाऊ, गोठ्यातली गाय, पाण्याची वाट, सगळ्यांचा निरोप त्यात असतो. लग्नाआधी जाणत्या बाया नवरीला तो शिकवतात, कारण रडायचं असतं ते सुरात. माझ्या याडीचा ढावलो पंचक्रोशीत नावाजलेला. दुसऱ्या तांड्यातल्या पोरी तिच्याकडे शिकायला यायच्या.

आणि मी? मी बारावी पास झाले होते, हवा डोक्यात गेली होती. म्हटलं, "मले नाई असा तमाशा कराचा." निघायच्या वेळी याडी माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. मी खांबासारखी उभी. ती थांबली, बराच वेळ थांबली. मग तिनंच मला जवळ ओढलं आणि माझ्या वाटणीच्या ओळी स्वतःच म्हटल्या, स्वतःचाच निरोप घ्यावा तशा. बाया कुजबुजल्या, पोरगी शिकली अन् दगड झाली. मला ते तेव्हा कौतुकच वाटलं, काय सांगू! याडीनं त्यावरून मला जन्मात एक शब्द बोलून दाखवला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

काही वर्षांमागे एक चॅनलवाला कॅमेरा घेऊन याडीकडे गेला होता. जुनी गाणी गोळा करत तो तांड्या-तांड्यानं फिरायचा. त्यानं याडीला निंबाखाली बसवून पूर्ण ढावलो रेकॉर्ड केला आणि टाकला नेटवर. त्यानंतर वर्षभरात याडी गेली. तापाचं निमित्त झालं. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नव्हता, आणि मी तो व्हिडिओ एकदाही पाहिला नव्हता. धीर झाला नाही, खरं तेच सांगते.

माझी लेक यवतमाळला नर्सिंग शिकली. लग्न ठरलं, ती महिनाभर घरी आली, आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, मले ढावलो म्हनाचा हाय. नानीचाच."

"तुह्या मैत्रिनी हासतीन."

"हासू दे."

"आजकाल कोनी म्हनते का?"

"तू नाई म्हनला म्हनून मीबी नाई म्हनू का?"

 दुसऱ्या दिवशी दगडावर जाऊन मी तो व्हिडिओ माझ्या फोनात डाउनलोड केला. बरोबरची खूण दिसली, पण चालू करून पाहिला नाही. फोन खाली आणून लेकीच्या हातात दिला.

मग रोज संध्याकाळी चुलीपाशी शाळा भरायची. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, लेक समोर मांडी घालून बसलेली, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापतेय. याडी एक ओळ म्हणायची, लेक व्हिडिओ थांबवून ती ओळ म्हणायची. मी कान बंद करून बसायचे म्हणा ना. भाकरीचा आवाज मोठा करायचे. पण एका ठिकाणी मला दर वेळी हसू यायचं. ढावल्याच्या ऐन मध्यावर, गाय-वासरांचा निरोप संपतो आणि नवरीच्या याडीचा निरोप सुरू होतो, तिथे याडीच्या शेळीनं सुपातल्या ज्वारीत तोंड घातलं होतं, असं लेकीनं सांगितलं. याडी गाणं तोडून ओरडते, "हट्! हट् वो अवदशे!" मग एक दम घेते आणि जणू काही झालंच नाही अशी पुढची ओळ उचलते. शेळी बाजारातून आणलेली होती, म्हणून तिला शिव्या वऱ्हाडीत. गोर बोली तिले समजत नाई, असं याडीचं म्हणणं. एवढं एक सोडलं तर त्या अख्ख्या ढावल्यातलं मी काही लक्षात ठेवलं नाही.

लेकीनं मला बजावून ठेवलं होतं, "डाउनलोड अ‍ॅपमंधी असते, आई. अधूनमधून फोनले नेट दाखवा लागते, नाई तं थो जाते." मी रोजच दगडावर जात होते, म्हणजे फोनला रोजच नेट दिसत होतं. मला वाटायचं, चला, आपण याडीची काळजी घेतोय. रोज तिला पिशवीत घालून टेकडीवर नेतोय, हवा दाखवून आणतोय.

लग्नाला अकरा दिवस होते. मी लेकरांची वजनं पाठवली आणि सहज डाउनलोडची यादी उघडली. समुद्र होता, केक होता. याडीच्या जागी राखाडी चौकोन होता आणि खाली लिहिलेलं, हा व्हिडिओ उपलब्ध नाही.

मी दाबलं. परत दाबलं. फोन उंच धरला, राळेगावकडे धरला, बंद करून चालू केला. चॅनलवाल्याचा नंबर भावाकडून मिळवून तिथूनच फोन लावला. माणूस बिचारा भला होता. म्हणाला, "ताई, चॅनल परवाच काढून टाकलं म्या. आता दुसरं काम करून राह्यलो. कार्ड तं कधीचंच फॉर्मेट मारलं. तुमच्या आईचं होतं हे मालूम असतं तं ठेवलं असतं हो."  तेव्हा मला उमजलं की अ‍ॅपमधलं डाउनलोड म्हणजे शेजारणीकडून आणलेलं पातेलं. तिनं परत मागितलं की द्यावंच लागतं. आणि त्या फोनला वरच नेलं नसतं, तर त्याला कळलंही नसतं की चॅनल बंद झालं. खाली तांड्यात, बिननेटवर्कचा, तो लग्नापर्यंत सहज गायला असता. मीच त्याला रोज हौसेनं वर नेत होते. त्या दगडावर बसून मी रडले. ना सूर, ना ताल, नुसती रडले.

दोन दिवस मी लेकीला खोटं सांगितलं. चार्जिंग नाही, फोन गरम होऊन राह्यला. तिसऱ्या दिवशी तिनं फोन हातात घेतल्यावर मी ओरडलेच, "गेला थो! म्याच घालवला. पहिल्यांदा याडी तापानं गेली, आता म्या हातानं नेली!" चूक आपली असली की मी समोरच्यावर ओरडते, हा दुसरा रोग.

लेकीनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "मले पूर्ण येते आता. ऐक." आणि तिथेच, चुलीपाशी, तिनं सुरू केलं. यावेळी मी पाठ केली नाही. गाय झाली, वासरू झालं, आणि ती थांबली. अगदी गप्प. मग एक दम घेतला आणि पुढे निघाली.

"मंधात कायले थांबली?"

"नानी थांबते ना तिथं."

"माय वो! थे शेळीसाठी थांबली होती!"

"मले मालूम हाय. पन माह्या गळ्यात तसाच बसला थो."

अकरातले उरलेले दिवस आम्ही ती फट बुजवण्यात घातले. मी म्हणायचे, थांबू नको, जोडून म्हण. जोडून म्हणायला गेली की पुढची ओळ हमखास विसरायची. मनात शेळी हाकलायला वेळ दिला की ओळ बरोबर यायची. आता पडताळून पाहायला व्हिडिओही नाही. म्हाताऱ्या बायांना विचारलं तर प्रत्येकीचा ढावलो वेगळा, याडीचा कोणालाच नाही; तिच्याकडे शिकलेल्या पोरी लग्न होऊन कुठल्या कुठे विखुरल्या होत्या. मला धास्ती एकच होती. लग्नात रडं फुटल्यावर ती मनात शेळी कशी हाकलणार? अडकली तर याडीचा ढावलो तिथेच संपला, कायमचा.

"अडकली तं तू सांगजो," लेक म्हणाली.

"मले त्यातलं अक्षर नाई येत."

"तरीबी सांगजो."

लग्न झालं. निघायची वेळ आली. लेक बापाच्या गळ्यात पडली, काकांच्या, काकूंच्या, आणि गोठ्यातल्या गाईच्याही. तिच्या नर्सिंगच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्या हसत नव्हत्या. सगळ्यात शेवटी मी. मी हात पसरून उभी होते. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेले. ती माझ्या गळ्यात पडली, गाय-वासराची शेवटची ओळ म्हटली आणि थांबली.

मी वाट पाहिली. शेळीएवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला.  ती माझ्या कानात पुटपुटली, "आई, गेलं." बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माझ्याकडे एकही ओळ नव्हती तिला द्यायला. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी शिकायची होती ती मी शिकले नव्हते. याडीच्या ढावल्यातलं मला एवढंच येत होतं. मी पूर्ण गळा काढून ओरडले, "हट्! हट् वो अवदशे!"

समोर विहीणबाई उभ्या होत्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. माझा नवरा मागे वळून मंडपात शेळी शोधायला लागला. आणि लेक माझ्या खांद्यावर हसली, रडली, एक दम घेतला, आणि तिला पुढची ओळ आली.

विहीणबाईंची समजूत नंतर काढावी लागली, चांगली तासभर. पण त्या वेळी मला कोणाचीच फिकीर नव्हती. लेक याडीच्या निरोपाची एकेक ओळ म्हणत होती, आणि मी तिच्या मागून, चुकत, अडखळत, तीच ओळ म्हणत होते, जी मला माझ्या याडीच्या गळ्यात पडून म्हणायची होती.