आबांना दिलेलं झोपेचं इंजेक्शन

हे माझ्या बायकोला माहीत नाही. ज्या सर्जनसोबत इतकी वर्षं चहा प्यायलो, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मी भूलतज्ज्ञ. जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात होतो, तेव्हाची गोष्ट. फुलंब्रीकडचे एक आबा प्रोस्टेटच्या ऑपरेशनला आले होते. मेंढपाळ, सत्तरी उलटलेली, पण हाडापेरानं दणकट. या ऑपरेशनात दुर्बीण आत घालून गाठ खरवडतात, आणि नीट दिसावं म्हणून सारखं पाणी सोडत राहतात. ते पाणी उघड्या शिरांतून रक्तात शिरू शकतं. मग रक्तातलं मीठ उतरतं, मेंदूला सूज येते. म्हणून तर आम्ही कमरेखालीच भूल देतो — माणूस जागा राहावा, बोलत राहावा. बोलणं बिघडलं की आम्हाला कळतं, ऑपरेशन थांबवता येतं. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

पाठीत सुई देताना माझ्या तोंडून गावाकडचं निघून गेलं — "वाका थोडं आबा, लई नाय दुखायचं." झालं. म्हातारा खुलला. कोण्या गावचे, कोणाचे, सुरूच. मी टाळत राहिलो. ऑपरेशन सुरू झालं तरी त्यांचं चालूच, आणि मग मान वळवून त्यांनी मला निरखून बघितलं.

"तुम्ही किसनाचं लेकरू ना? मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलो आम्ही दोघं. एका ताटात जेवलो."

सगळं थिएटर ऐकत होतं. किसना माझाच बाप. आणि मी तिथं सगळ्यांना काय सांगून ठेवलं होतं? वडील शाळेत मास्तर होते म्हणून. कशापायी? लाज वाटायची, दुसरं काय! तुमची गफलत होतेय आबा, मी म्हणालो. सर्जन हसले. पण आबा ऐकेनात — तोच तोंडावळा, तेच नाक. पुन्हा किसना, पुन्हा मेंढरं.

मी झोपेचं इंजेक्शन दिलं.

गाठ मोठी होती, वेळ लागला. मध्येच सर्जननी विचारलं, पेशंट बरा आहे ना? झोपलेत आरामात, मी म्हणालो. जागे असते तर बरळले असते, तगमगले असते — मला कळलं असतं. कळलं ते त्यांना एकदम आकडी आली तेव्हा. मीठ पार खाली गेलं होतं. आबा शुद्धीवर आलेच नाहीत, आयसीयूतच गेले. पाणी शिरलं, होतं असं कधीकधी, सगळे म्हणाले. मीही मान हलवली.

त्यांचा मुलगा जिन्यापाशी उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, "आबा शेवटी काय बोलले का हो?"

"नाही," मी म्हणालो. "शांत झोपले होते."

त्यानं मला हात जोडले.

आबांना झोप आली नव्हती. ते माझ्या बापाचं नाव घेत होते, म्हणून मी त्यांना गप्प केलं.