तासाभराचा सिनेमा आणि माझं मध्यंतर

माझी अब्रू एका मध्यंतरानं घेतली, असं सांगितलं तर पटेल तुम्हाला? बसा, चहा घ्या, सांगतो.

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळात सिनेमा विभागाचा प्रमुख निवडायचा होता. मला ते पद हवंच होतं. इतकं, की आठवडाभर धड झोप नव्हती. वजन पडावं म्हणून ग्रुपवर ठोकून दिलं, "बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा हॉलिवूडचा एक संगीतपट दाखवतो. स्वस्तातला, पण काय चीज आहे. चार वेळा पाहिलाय."

एकदाही पाहिला नव्हता. पोस्टर पाहिलं होतं.

रविवारी सेंगकांगच्या घरून बायको, मुलगी, प्रोजेक्टर आणि साठ बटाटेवडे घेऊन बुकित तिमाहच्या एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये पोचलो. सिनेमा सुरू झाला. पण मी कसला बसतोय! दोन मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, वडे गरम करायला. तासाभरानं आत डोकावलो तर पडदा काळा. आता संगीतपट म्हटला की तीन तासांचा, हे आपल्या रक्तातच नाही का? मी दिवे लावले आणि जाहीर केलं, "मध्यंतर."

कुणी हरकत घेतली नाही. गरम वड्याला कोण हरकत घेणार? निवड ज्यांच्या हातात होती, ते जोशीकाका तर खूश. म्हणाले, "दोघांचं लग्न झालं. म्हणजे आता खरी भानगड सुरू होणार."

वडे संपले. मी प्ले दाबलं. सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला.

पाच मिनिटांनी काका म्हणाले, "अहो, हा सोफा मघाशी पाहिला."

"स्वस्तातला सिनेमा, काका. तोच सेट पुन्हा वापरायचे."

"आणि गाणंही तेच?"

"फ्लॅशबॅक," मी म्हणालो.

पुढची वीस मिनिटं तीस माणसं तो फ्लॅशबॅक मुकाट्यानं बघत होती. मी खुर्चीत नुसता चुळबुळत होतो. शेवटी लॅपटॉपजवळ बसलेली माझी नऊ वर्षांची मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठीत म्हणाली, "बाबा, सेम मूव्ही लाह. इथे लिहिलंय, होल मूव्ही फिफ्टी एट मिनिट्स ओन्ली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी शांतपणे चष्मा पुसला. "सिनेमा विभाग दुसऱ्या कुणाला तरी देऊ. पण तुमचे वडे मात्र पहिल्यापासून पुन्हा चालतील. अल्पोपाहाराचे प्रमुख तुम्ही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कारही केला. वडे बायकोनं केलेत, हे सांगायचं धैर्य काही झालं नाही.