लोखंडी टोप

जुने लष्करी बिल्ले, पदकं, संगिनी गोळा करून त्यांचा गंज काढायचा मला नाद आहे. हे कुणाकडून तरी ऐकून एक बाई एकदा माझ्या नाशिक रोडच्या घरी आली. पन्नाशी उलटलेली, बोटांना झेंडूचा पिवळा रंग. बाजारात फुलं विकून तशीच आली होती. पिशवीतून तिनं सुती साडीत गुंडाळलेला फौजी टोप काढला आणि टेबलावर न ठेवता मांडीवर घेतला.

"गंज लय चढलाय, भाऊ. तेवढा काढून द्या."

मी बाहेरचा गंज हलक्या हातानं काढला, तेलाचं बोट फिरवलं. मग आतला चामडी पट्टा पुसायला ओला बोळा उचलला, तशी तिनं माझं मनगट इतकं करकचून धरलं की मी दचकलोच.

"आत नाय! बापाचा घाम हाय त्यो. लढाईत गेला तवा मी आईच्या पोटात व्हते. त्याच्या सोबत्यानं हा घरी आणून दिला. मी बापाला पाह्यलं नाय, वासानं वळखते."

तिनं टोपात तोंड घालून खोल श्वास घेतला. हा कुबट वास मला रोजचा; त्यात कुणाचा बाप असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

तरी सांगणं भाग होतं. "ताई, हा घामच आतून लोखंड खातोय. पुसला नाही तर टोप टिकायचा नाही."

ती बराच वेळ पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग टोप पुन्हा साडीत गुंडाळत म्हणाली,

"खाऊ द्या. टोप त्याचाच हाय."