हद्दीचं घुंगरू

समस्त अमरावतीकर, अकोलेकर आणि मधल्या मूर्तिजापूरला चहासाठी खाली उतरणारे प्रवासी, यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की आमच्या मामसासऱ्यांना धक्का बसला. घाबरू नका, छाती ठणठणीत आहे. धक्का संगीताचा होता. पण अकोल्यात राहणाऱ्या या गृहस्थांइतका जबाबदार कान अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणाच्या डोक्याला जोडलेला नाही, असं निदान ते स्वतः मानत आले. त्यामुळे या धक्क्याकडे घरगुती बाब म्हणून पाहता येणार नाही.

मामसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मी त्यांना मामाजी म्हणतो, ते मला जवाईबापू म्हणतात आणि माझ्या गाण्यातल्या समजेला काहीच म्हणत नाहीत, कारण ती त्यांच्या नोंदीतच नाही. मोजणी खात्यात सारी नोकरी झाली. शेतांच्या हद्दी ठरवायच्या, बांध कोणी सरकवला ते शोधायचं, दगड रोवायचे आणि दोन भावांच्या शिव्या खाऊन घरी यायचं. ही सवय रक्तात इतकी मुरली की ते गाणंही शेतासारखं मोजतात. अंतरा ध्रुवपदाच्या हद्दीत शिरला की लगेच म्हणतात, "अतिक्रमण झालं!" एकदा आमच्या घरच्या सत्यनारायणात आरतीला भटजींनी कडवं गाळलं, तर मामाजींनी टाळ खाली ठेवले आणि विचारलं, "मधला तुकडा कोणाच्या नावावर केला, महाराज?"

पण त्यांचं खरं शेत एकच, ते म्हणजे 'पऱ्हाटी'. तरुण वाचकांसाठी सांगतो, पऱ्हाटी, म्हणजे आमच्याकडची कपाशी, हे नाव घेतलेला आमच्या अमरावतीचा बँड. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात चार पोट्ट्यांनी एक गिटार, एक कीबोर्ड आणि एक ड्रम गोळा केला, वऱ्हाडी बोलीतली गाणी पाश्चात्त्य ठेक्यावर म्हटली आणि मग कॅसेटी काढल्या. चौघं आता साठीच्या पुढचे आहेत, गायकाचे केस मात्र अजून विशीतले आहेत. त्यांची ओळख म्हणजे घुंगरू. त्यांच्यातला ताल धरणारा, भातकुली गावचा गडी, ज्याला आम्ही सगळे घुंगरूवाले म्हणतो, त्याने घरच्या बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ आणली होती. प्रत्येक गाण्यात ध्रुवपद परत येण्याआधी सगळी वाद्यं थांबतात आणि घुंगरू तीनदा वाजतं. छुन, छुन, छुन. मामाजी त्याला हद्दीचा दगड म्हणतात. पहिली कॅसेट निघाली तेव्हा ते नोकरीत नवे होते, बार्शीटाकळीला भाड्याच्या खोलीत एकटे राहत होते. दिवसभर दोन्हीकडचे शेतमालक भांडायचे, आणि संध्याकाळी खोलीवर कोणी शिवी द्यायलाही नसायचं. "टेपवर ते घुंगरू वाजलं का, घरी कोनी आल्यासारखं वाटे," असं ते एकदाच म्हणाले आणि लगेच पाणी प्यायला उठून गेले.

नवी कॅसेट पहिल्यांदा ऐकण्याचा त्यांचा विधी असे. पहिल्यांदा उभं राहून, दुसऱ्यांदा बसून, तिसऱ्यांदा आडवं होऊन. तिन्ही वेळा घरात पूर्ण शांतता. एका वर्षी ऐन घुंगराच्या जागी कुकरने शिट्टी मारली. मामाजी उठले, कुकर उतरवला, गार झाल्यावर त्याची शिट्टी काढून खिशात घातली आणि कचेरीत निघून गेले. मामीजी आणि दोन लेकरं दिवसभर चुरमुऱ्यांवर होती. संध्याकाळी शिट्टी परत करताना त्यांनी मामीजींकडून 'पुन्हा असं होणार नाही' हे लिहून घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं.

आणि याच माणसाने गेल्या दोन वर्षांत कुकरची शिट्टीच वाजत नाही अशी तक्रार सुरू केली, तेव्हा मला पहिला धक्का बसला. डाळ करपली होती. मामीजी म्हणाल्या, "तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करा म्हनलं होतं ना?" मामाजी शांतपणे म्हणाले, "वाजलीच नाई. हे आजकालचे कुकर शिट्टी मारतच नाईत. कंपनीनं खर्च वाचवला." मग दाराची घंटी वाजेनाशी झाली. मग अकोल्यातल्या चिमण्या संपल्या. त्यांच्याच अंगणातल्या कडुनिंबावर शंभरभर चिमण्या माझ्या कानठळ्या बसवत होत्या आणि खाली खुर्ची टाकून मामाजी मला सांगत होते, "पाहा जवाईबापू, किती सुनं सुनं झालं. टॉवरनं खाल्लं सारं." मी वर पाहिलं. एका चिमणीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही काही बोलायचं टाळलं.

दुसरं म्हणजे त्यांची कुजबुज. ती वाढली होती, म्हणजे आवाजाने वाढली होती. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून, हात आडवा धरून, अगदी खासगीत सांगितलं की वरणात मीठ नाही. पाच पंगती ओलांडून एक वाढपी मीठ घेऊन धावत आला आणि मागून वधूपिता हात जोडून.

आता मुख्य धक्क्याकडे येतो. बऱ्याच वर्षांनी पऱ्हाटीचा नवा अल्बम आला, तोही मोबाईलवर. मी अमरावतीत घरी तो लावला आणि पहिल्याच गाण्यात घुंगरू असं वाजलं की मला वाटलं बैलच घरात शिरला. बायकोच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. पूर्वीचं ते नाजूक छुन छुन राहिलं नव्हतं, जणू टिनाच्या पत्र्यावर कोणी खिळे ओतत होतं. गायक गातोय मागे कुठेतरी आणि घुंगरू आपल्या छाताडावर बसलंय. मी हादरलो, पण शहर खूश होतं. कोचिंग क्लासची मुलं त्यावर नाचत होती. गावातल्या पेपरात एका समीक्षकाने लिहिलं की पऱ्हाटीचा ध्वनी आता प्रौढ झाला आहे आणि घुंगरू ही केवळ साथ उरली नसून मातीची गर्जना झाली आहे.

आणि त्याच सकाळी अकोल्याहून फोन. "जवाईबापू, बसले असान तं उभे राहा, उभे असान तं बसा. घुंगरू काढलं!"

"काय?" मी म्हणालो.

"पुरं काढलं! तीन डाव आयकलं. वाद्यं थांबतात, मंग रिकामी जागा, मंग सीधा ध्रुवपद. दगड उपटला त्यायनं हद्दीचा. काहून उपटला असन?"

मी हसलो. मला वाटलं मामाजी थट्टा करत आहेत. पण मामाजींनी आयुष्यात पऱ्हाटीची थट्टा केलेली नव्हती. मग एकदम कुकर, घंटी, चिमण्या, मीठ घेऊन धावणारा वाढपी, सगळे एका रांगेत माझ्यासमोर उभे राहिले आणि माझं हसू तिथेच वाळलं: मामाजींच्या कानातून नेमके बारीक, किणकिणते आवाजच गळून पडले होते.

"मी येऊन राहिलो तिकडे," मामाजी म्हणाले. "परवा त्यायचा कार्यक्रम हाये ना? साऱ्या कॅसेटी पिशवीत भरल्या. सर्वांसमोर वापस करतो. माहा संबंध संपला."

त्यांच्या हातून फोन मामीजींनी घेतला. "जवाईबापू," त्या हळू म्हणाल्या, "मले माहीत हाये काय झालं ते. कानाच्या डाक्टरकडे चाला म्हनलं तं मलेच म्हनते, तुहा आवाज बारीक झाला. तुमीच सांगा आता त्यायले. लोकाइनं हासून सांगन्यापरीस तुमी सांगतलेलं बरं."

मी हो म्हणालो. वाचकहो, मी बोलघेवडा माणूस आहे. परक्याच्या बारशात मी अर्धा तास भाषण केलेलं आहे. पण ठरल्या दिवशी बसस्टँडवर मामाजी पिशवी छातीशी धरून उतरले आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "गिला वडा खाता का?" खाल्ला. मग रिक्षात बसलो. तिथे मी सुरुवात केली, "मामाजी, वय झालं की..." ते म्हणाले, "हो ना, म्हातारे झाले बिचारे, म्हनून तं विसरले." सभागृहाच्या दारात मी पुन्हा तोंड उघडलं आणि त्यांच्याच बाहीवरचा धागा काढून ते बंद केलं.

आम्ही पहिल्या रांगेत. मंचावर चौघेही खुर्च्यांवर, सगळ्यांच्या कॉलरला ते बारीक माईक. पहिलं गाणं सुरू झालं. वाद्यं थांबली, घुंगरूवाल्यांनी माळ उचलली आणि छुन! शेवटच्या रांगेत एक बाळ रडायला लागलं. छुन! माझ्या दाढेतली चांदी हलली. छुन! पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामाजी माझ्या कानात खासगीत म्हणाले, "पाहा! रिकामं!" गायकाने गाता गाता आमच्याकडे पाहिलं.

तीन गाण्यांनंतर निवेदकाने विचारलं, कोणाला काही प्रश्न? मी मामाजींचा सदरा धरला, पण सदराच माझ्या हातात राहील अशा वेगाने ते उठले. "मी अकोल्याहून आलो. मोजनी खात्यात होतो. तुमची पयली कॅसेट आली तवापासून आयकून राहिलो. माहं एवढंच म्हननं हाये, का इतक्या वर्साचं घुंगरू तुमी काहून काढलं? आमी का वाईट केलं तुमचं?"

मग मागून हसू फुटलं आणि ते रांगेरांगेने पुढे येत गेलं. पेपरातले ते समीक्षकही हसले. कोणीतरी ओरडलं, "आजोबा, कान तपासा कान!" हे मात्र मामाजींना ऐकू गेलं. ते हसणाऱ्यांकडे वळले, मग मंचावरच्या त्या माळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा ते खरोखर हळू बोलले. "जवाईबापू, वाजलं का?"

इतके दिवस जे मला सांगता आलं नाही ते मी मानेनंच सांगितलं.

मामाजी खाली बसले. एखाद्या मोजणीत सारी नोकरी चुकीची निघाल्यासारखे. पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद एकदा सोडले, एकदा बांधले. "चिमन्यायचंही असंच का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "आन् कुकर?" मी पुन्हा मान हलवली. "मंग घरवाली बिचारी बरोबर बोलत होती," ते म्हणाले.

हसणं थांबलं, कारण मंचावरचे घुंगरूवाले उठले होते. गुडघ्यावर हात टेकत, एकेक पायरी मोजत ते खाली आले, आमच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी ती माळ मामाजींच्या तळहातावर ठेवली. वरून स्वतःचा हात ठेवला आणि तीनदा हलवली. मामाजींनी डोळे मिटले होते. ज्या हाताने आयुष्यभर मोजणीची साखळी ओढली, दगड चाचपले, तो हात त्या पितळेवर असा मिटला जसा कोणी अंधाऱ्या खोलीत ओळखीच्या माणसाचा हात धरावा.

"तीन," ते म्हणाले. "बरोबर तीन. जागेवर हाये." डोळे पुसले, मग मोजणीदार पुन्हा जागा झाला. "फक्त हिसका जरा जास्त वाटते पयल्यापेक्षा. काहून?"

घुंगरूवाल्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मामाजींच्या कानाशी तोंड नेलं आणि हात आडवा धरला. ही कुजबुज माझ्या ओळखीची होती. कॉलरचा माईक चालूच आहे याची त्यांना काही आठवण नव्हती. मंचावर गायक, दारात चहावाला, हातातली वही उघडी ठेवून बसलेले समीक्षक आणि शेवटच्या रांगेतलं ते नुकतंच झोपलेलं बाळ, साऱ्या सभागृहाने ते एकदम ऐकलं:

"कोनाले सांगू नका भाऊ, पन मलेही दोन वर्सांपासून आयकू येत नाई ना! म्हनून तं एवढ्या जोरानं हालवतो!"