शेवटच्या सामन्याचा नारळ

नात म्हणते, आजी, तू रोह्याला फुटबॉल बघायला गेली होतीस ते लिही, लोक वाचतात. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

ही नात झाली ती चौऱ्याण्णव साल उजाडताना. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या सुमनच्या बाळंतपणाला मी रोह्यात दोन महिने होते. जावई मोहनराव धाटावला कंपनीत. शिफ्ट सुटली की केबलवर स्पेनचा फुटबॉल. मी बाळाला मांडीवर घेऊन बघायला लागले ती बघतच राहिले. त्यात एक निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरेवाले होते, समुद्रकाठच्या, मासेमारीच्या गावचे. आम्ही पेणच्या खाडीकाठचे मिठागरवाले, मी दुसऱ्या कोणाची बाजू घेणार? मोहनराव सीझन म्हणायचे, मी हंगाम. पावसाळा सरताना सुरू, मे महिन्यात बंद. आमच्या मिठासारखंच की.

गावी परतले तर केबल नाही. पण सोमवारी मी मीठ घेऊन पेणच्या बाजाराला जायचे. रोह्याच्या एसटीचा कंडक्टर दत्तू सुमनचा शेजारी, तो मोहनरावांकडून निकाल आणायचा. स्वतः दुसऱ्या संघाचा. आमचे हरले की स्टँडभर ऐकू जाईल असं म्हणायचा, "मावशे, तुझं मीठ विरघळलं गो."

मे महिना आला तेव्हा निळे-पांढरे सगळ्यांच्या वर होते आणि एकच सामना उरला होता, तोही घरच्या मैदानावर. जिंकले की पहिल्यांदाच अजिंक्यपद त्यांच्या गावात. सामना शनिवारी रात्री, पण रविवारी दुपारी पुन्हा दाखवणार होते. मी यजमानांना म्हटलं, जाऊन येते. पिशवीत पोह्याचे पापड घेतले आणि एक नारळ. आमच्याकडे हंगामाच्या शेवटच्या दिवशी मिठाच्या आगराच्या बांधावर नारळ फोडतात. मी तो त्यांच्या विजयासाठी घेतला होता, खरं तेच सांगते.

रविवारी सकाळी पेणला दत्तूचीच गाडी मिळाली. याला निकाल कळला असणार, म्हणून चढतानाच बजावलं, सांगशील तर बघ. तो "नाय सांगत" म्हणाला आणि मला खिडकीची जागा दिली.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर वडखळला उतरून पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. बारीक कांदा घ्यावा, गोड असतो. तिकीट तेव्हा फार नव्हतं, आता किती ते नातीला विचारा. मी माळ घेतली की दत्तू दरवेळी चिडवायचा, गाडी काय तुझ्या घरची हाय? त्या दिवशी खाली उतरला, माळ स्वतः उचलून आणली, माझ्या पायाशी नीट ठेवली. पुढे नागोठण्याला चहा पाजला. भिसे खिंडीची वळणं लागतात म्हणून मी पुढे बसते, तुम्हीही बसा.

सुमनने तांदळाची भाकरी आणि सुका जवळा केला होता. मोहनराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई, आधी पोटभर जेवून घ्या." मग टीव्ही लावला.

गोल होईना. इकडेही नाही, तिकडेही नाही. सामना संपता संपता आमच्यांना पेनल्टी मिळाली. नेहमीचा मारणारा बाहेर गेलेला, म्हणून एक बचावातला गडी पुढे आला. त्याने मोठा श्वास घेतला. मीही घेतला. त्याने मारला आणि गोलकीपरने धरला.

सामना बरोबरीत सुटला, आणि आमच्या पाठोपाठ असलेला संघ त्याच रात्री दुसऱ्या मैदानावर जिंकला. गुण दोघांचे सारखे झाले, पण आपसातल्या सामन्यांत त्यांचे गोल जास्त, म्हणून अजिंक्यपद तिकडे गेलं. तो गडी नुसता उभा होता. मोहनरावांनी टीव्ही बंद केला. सुमनने हळूच नारळ उचलला, म्हणाली, उद्या चटणीला घेते.

मी म्हटलं, "ठेव तो. आगरावर मिठाची रास केवढी ते बघून नारळ फोडतात काय गो? हंगाम संपला म्हणून फोडतात."

मोहनरावांनी उंबऱ्यापाशी फोडला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं, बाळाच्या ओठाला पाणी लावलं. तिला आवडलं.

संध्याकाळच्या गाडीला दत्तूच होता. त्याला तुकडा दिला. तो म्हणाला, "मावशे, मला सकाळपासून ठाव होतं."

"मला वडखळपासून," मी म्हटलं. "तू कांद्याची माळ उचललीस तेव्हाच."

"मग वडखळवरनं परत का नाय फिरलीस?"

"शेवटच्या दिवशी आगरावर जायचं असतं रे."

तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला गेला, पण खोबरं चावत हसत होता.

घरी यजमानांनी विचारलं, जिंकले काय? मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तो पोरगा पुढच्या हंगामाला खेळेल ना? मला माहीत नव्हतं. पुढे मोहनरावांनी कळवलं, खेळला. त्या नारळाची करवंटी मी येताना घेऊन आले होते. अजून मिठाच्या बरणीत मीठ काढायला तीच आहे. आज सकाळी नातीने त्या करवंटीनेच आमटीत मीठ घातलं, थोडं जास्तच झालं.