निळ्या पुडीचं तिखट

प्रेमिला लग्न होऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत आली आणि त्याच आठवड्यात तिनं सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण मधे नुसता बांबूचा तट्टा, कानांनी जावं तरी कुठं?

“तिखटाच्या पुडीवर निळा रंग! लोक नीळ समजून त्यात धोतरं बुडवतीन जी,” सासू कौशल्या म्हणाली.

“बुडवू दे.”

“निळा पायला का समजते, कोन्या वस्तीतला माल हाय. मंग घेईन कोन?”

“छप्पन साली दीक्षा घेतली, ते काय लपाले घेतली काय वं?”

सासरे देवाजी भिवापूरची मिरची आणून घरच्या चक्कीवर दळायचे. गांधीबागेच्या बाजारातल्या शेठला आता सुटं तिखट नको होतं, छापील पुडी हवी होती. छापखानेवाल्यानं रंगांचे कागद पसरले : कुंकवासारखा लाल, हळदीसारखा पिवळा, गुलाबी, हिरवा. देवाजींनी सरळ निळ्यावर बोट ठेवलं. वर पांढऱ्या अक्षरांत ‘देवाजी तिखट’. घरी आले ते नवरदेवासारखे.

महिनाभरात पोती परत आली.

“माल एक नंबर आहे तुझा,” शेठ म्हणाला, “पण गिऱ्हाईक रंग पाहते अन् विचारते, कोणाच्या घरचं? लाल-पिवळा कर, वर लक्ष्मी छाप. नाव कशाला पाहिजे?”

सुटं विकताना कोणी विचारत नव्हतं. तेच तिखट लोकांच्या वरणात पडत होतं आणि कोणाचं पोट दुखलं नव्हतं.

वस्तीतल्या लोकांनी निळ्या पुड्या आवडीनं घेतल्या, पण वस्ती खाऊन खाऊन किती तिखट खाणार? चक्की थांबली. कौशल्या विड्या वळायला बसली. प्रेमिलाला दिवस गेले होते, आणि ताटात भाताबरोबर मीठच असायचं. देवाजींनी ते ताट पाहिलं, सायकल काढली आणि छापखान्यात गेले.

“रंग शेठ म्हणते तो घ्या. नाव काढा. देवी मात्र छापाची नाही.”

लक्ष्मीच्या जागी मिरची आली. लाल पुडी धडाधड खपली, घरात तूप आलं. कौशल्या भांडण जिंकली, पण नवरा तिच्याशी भांडेनासाच झाला. प्रेमिलाला वाटायचं, या बाईनं मुद्दाम भाजीत मीठ जास्त घालावं, निदान त्यावरून तरी हा माणूस ओरडेल. देवाजी तीही भाजी गुपचूप खायचे. पुढं वर्षानुवर्षं तिखटाची धूळ छातीत बसत गेली. खोकल्याला तेवढा आवाज होता.

देवाजी वारले त्या दिवशीही सकाळी सायकलला पोतं बांधत होते.

“आज राहू द्या ना मामाजी,” प्रेमिला सासऱ्यांना म्हणाली.

“काहून? शेठचं दुकान उघडून राहिलं असन.”

गांधीबागेत जाऊन त्यांनी लाल पुड्या शेठच्या पायरीवर उतरवल्या. दुपारी परत आले, सायकल भिंतीला लावली, रिकामं पोतं झटकून घडी केलं आणि प्रेमिलाच्या हातात दिलं.

“पोचला माल,” म्हणाले. “उद्याच्या मिरच्या उनात टाक वं.”